म्हातारी बॅटरी, तरणा फोन

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)



माझी आत्या वाईला राहते. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. गेल्या चैत्रात तिचा मला फोन आला, तोही शेजारच्या मुलाच्या मोबाइलवरून. म्हणाली, "अरे, माझ्या मोबाइलला गळू झालंय. येऊन बघून जा."

मी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे घराण्यातल्या सगळ्या मिक्सर, इस्त्र्या आणि मोबाइल यांचा फॅमिली डॉक्टर मीच. दुसऱ्या दिवशी गेलो. पाहतो तर काय, फोनचं मागचं झाकण एका बाजूने उचललेलं आणि फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसतेय, तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म फुगलेली! आणि हा फोन आत्या रोज रात्री चार्जिंगला लावून उशीखाली ठेवून झोपत होती. का, तर मुलगा शारजाला असतो, ड्यूटी संपली की रात्री उशिरा त्याचा फोन येतो, तो चुकायला नको.

मी आधी पिन काढली, फोन बंद केला आणि दम भरला. आत्या शांतपणे म्हणाली, "चार वर्षांत एकदा तरी त्रास दिलाय का त्याने? उगाच काय ओरडतोस."

तिचं बरोबर होतं. फोन उत्तम चालत होता. पेन्शन जमा झाल्याचा बँकेचा निरोप त्यावर येई, गॅस त्यावरून नोंदवला जाई, आतोबांचे त्यांच्या शेवटच्या दिवाळीतले फोटो त्यातच होते. कुठलं बटण कुठे आहे हे तिला पाठ होतं. बिघडला होता तो आतला एकच भाग, बॅटरी.

आम्ही साताऱ्याला त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोन न उघडताच सांगितलं, "आजी, या मॉडेलची बॅटरी आता येत नाही. एक्स्चेंजला टाका, नवीन घेऊन टाका." आत्याने त्याला विचारलं, "का रे बाळा, चपलेचा अंगठा तुटला तर तू चप्पल टाकतोस की चांभाराकडे जातोस?" पोरगा हसला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याच्याकडे असण्याचं कारणही नव्हतं. उत्तर द्यायला हवं ते फोन बनवणाऱ्यांनी. आज मी त्या अंगठ्याबद्दल, म्हणजे बॅटरीबद्दल बोलणार आहे.

पसरणीचा घाट

आपल्या फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. सोनी कंपनीने ती १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्यामागे तीन शास्त्रज्ञांचं काम आहे. स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात पाया घातला, जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइड वापरून तिचा दाब वाढवला आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये तिला घरात वापरण्याइतकं सुरक्षित रूप दिलं. तिघांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच.

ही बॅटरी चालते कशी? वाईचाच दाखला घेऊ. खाली वाई, वर पाचगणी, मध्ये पसरणीचा घाट. बॅटरीत एका बाजूला असतं लिथियम असलेलं धातूचं ऑक्साइड, ती आपली वाई. दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं आपण ज्याला म्हणतो तो कार्बन. ती पाचगणी. लिथियमचे आयन हे प्रवासी. तुम्ही चार्जर लावता तेव्हा विजेच्या जोरावर या प्रवाशांना घाट चढवून पाचगणीला नेलं जातं. ग्रॅफाइटमध्ये एकावर एक पातळ थर असतात, हॉटेलच्या मजल्यांसारखे. प्रवासी त्या मजल्यांवर जाऊन बसतात. सगळ्या खोल्या भरल्या की फोनवर शंभर टक्के दिसतं.

तुम्ही फोन वापरायला लागलात की तेच प्रवासी घाट उतरून वाईला येतात. उताराला ढकलावं लागत नाही. मात्र त्यांचं सामान, म्हणजे इलेक्ट्रॉन, त्या घाटाने येऊ शकत नाही. त्याला वेगळ्या रस्त्याने, तारेतून यावं लागतं. त्या रस्त्यावर आपला फोन नाका टाकून बसलेला असतो आणि येणाऱ्या सामानावर टोल घेतो. त्या टोलवर पडदा उजळतो, आवाज येतो आणि नातवाचं तोंड दिसतं.

वाई आणि पाचगणी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा असतो, केसापेक्षाही पातळ. तो आयनांना जाऊ देतो, पण दोन्ही बाजूंची प्रत्यक्ष गाठ पडू देत नाही. आणि हा सगळा संसार एका द्रवात भिजलेला असतो. तो द्रव पेट घेणारा असतो. पडदा फाटला की आत शॉर्टसर्किट, शॉर्टसर्किट झालं की उष्णता आणि उष्णतेत तो द्रव पेटतो. बॅटरीचे जे स्फोट आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्यांचं मूळ बहुधा इथे असतं.

दुधावरची साय

मग बॅटरी म्हातारी का होते? दूध तापवलं की वर साय धरते ना, तशी ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक साय धरते. थोडी साय हवीच, ती ग्रॅफाइटला त्या द्रवापासून वाचवते. पण वर्षानुवर्षं ही साय जाड होत जाते. प्रत्येक वेळी काही लिथियम तिच्यात अडकून पडतं. प्रवासीच कमी झाले तर टोल कमी होणारच. शिवाय साय जाड झाली की येणं-जाणंही अवघड होतं.

ही साय वाढवणाऱ्या दोन गोष्टी, उष्णता आणि सतत गच्च भरलेली बॅटरी. आत्याकडे दोन्ही होत्या. रात्रभर शंभर टक्क्यांवर लटकलेला फोन, आणि वर उशीची ऊब. चार वर्षं असं चाललं की आतला द्रव विघटित होऊन त्याचा वायू होतो. पिशवी हवाबंद असल्याने वायूला बाहेर जायला वाट नसते. मग ती फुगते. आत्याने ज्याला गळू म्हटलं ते हेच.

बॅटरीच्या वयाचं माप म्हणजे 'सायकल'. शंभर टक्के ऊर्जा वापरून झाली की एक सायकल. आज पन्नास टक्के वापरले, उद्या पन्नास, तरी ती एकच. रोज एक सायकल होत असेल तर पाचशे सायकली दीड वर्षात संपतात. बऱ्याच वर्षांपासून फोनच्या बॅटरीकडून साधारण अपेक्षा अशी, की पाचशे सायकलींनंतर तिने मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के तरी धरावेत. याचा अर्थ बॅटरी झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. सायकलचा टायर जसा झिजायचाच, तशी. फरक एवढाच, की टायर बदलता येईल अशीच सायकल आपण विकत घेतो.

वीस टक्के असताना बंद का पडतो?

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. "सर, वीस टक्के दाखवत होता आणि एकदम डोळे मिटले." त्याचं कारण असं, की तो आकडा गाडीच्या पेट्रोलच्या काट्यासारखा सरळ मोजलेला नसतो. बॅटरीचा दाब किती, आत किती वीज गेली, किती आली, यावरून फोनने बांधलेला तो अंदाज असतो. बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत अडथळा वाढतो. निवांत बसलेली असताना तिचा दाब ठीक दिसतो, पण तुम्ही कॅमेरा उघडला, व्हिडिओ लावला, की एकदम जास्त वीज मागितली जाते आणि दाब धाडकन खाली येतो. माझ्यासारखंच. खुर्चीत बसलो तर कोणी साठ म्हणणार नाही, जिना चढायला लावा म्हणजे कळेल.

यावरून २०१७ मध्ये मोठं प्रकरण झालं. ॲपल कंपनीने त्या वर्षी डिसेंबरात मान्य केलं, की जुनी बॅटरी असलेले काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमार्फत त्यांचा वेग कमी केला जातो. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य होतं, ते मी आत्ताच सांगितलं. पण गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं फोनच म्हातारा झाला, आणि अनेकांनी नवीन घेतला. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला.

पुढे काय झालं ते तर ऐकण्यासारखं आहे. २ जानेवारी २०१९ रोजी ॲपलच्या प्रमुखांनी, टिम कुक यांनी, गुंतवणूकदारांना पत्र लिहून सांगितलं, की त्या तिमाहीत उत्पन्न अंदाजापेक्षा कमी राहील. मुख्य कारण चीनमधली मंदी. पण नवीन फोन कमी घेतले जाण्याच्या कारणांत त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती म्हणजे स्वस्तात बॅटरी बदलून घेतलेले ग्राहक. मंडळी, मला वाटतं या विषयावरचं याहून प्रामाणिक वाक्य कुठल्या कंपनीने लिहिलेलं नसेल. बॅटरी स्वस्तात मिळाली तर लोक नवीन फोन घेत नाहीत. काउंटरवरच्या मुलाने "बॅटरी येत नाही" असं का म्हटलं असेल, याचा थोडा उजेड इथे पडतो.

नखाने उघडणारं झाकण

थोडं मागे जाऊ. २००७ चा ऑगस्ट आठवतो? नोकियाने जाहीर केलं, की 'बीएल-५सी' या तिच्या बॅटरीपैकी जपानच्या मात्सुशिताने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात. आपल्याकडे घबराट पसरली. पण लोकांनी केलं काय? नखाने मागचं झाकण काढलं, बॅटरी हातात घेतली आणि तिच्या पाठीवरचा सव्वीस आकडी क्रमांक जुळवून पाहिला. सदोष निघाली तर कंपनी बॅटरी फुकट बदलून देई. फोन तोच. मिनिटाभराचं काम.

आता २०१६ पाहा. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ ऑगस्टमध्ये आला आणि पेटायला लागला. दोष बॅटरीतच होता. एका कारखान्याच्या बॅटरीत कोपऱ्यातली पट्टी वाकत होती, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगची टोकं पडद्याला टोचत होती. कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये स्वतःच तसा अहवाल दिला. पण या फोनची बॅटरी आत चिकटवलेली होती. लाखो फोन सगळेच्या सगळे परत घ्यावे लागले, आणि ऑक्टोबरात ते मॉडेलच बंद झालं. आजार तोच, पण नऊ वर्षांपूर्वी औषधाने भागलं होतं, इथे रोगीच गेला.

बॅटरी आत बंद करण्याला काहीच कारण नाही, असं मी म्हणणार नाही. शिक्षक माणूस, दोन्ही बाजू फळ्यावर लिहायची सवय. हाताने काढायच्या बॅटरीला कडक कवच लागतं, ते जागा खातं. नरम पिशवी चिकटवली तर त्याच जागेत जास्त क्षमता बसते आणि फोन पातळ होतो. पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून फटी बुजवणं सोपं जातं. हे सगळं खरं. पण त्याच सॅमसंगचा २०१४ चा गॅलॅक्सी एस५ आठवा. पाणी-धुळीपासून संरक्षणाचा 'आयपी६७' दर्जा त्याला होता, आणि मागचं झाकण नखाने निघत होतं, बॅटरी हातात येत होती. म्हणजे अशक्य काही नव्हतं. पुढच्याच वर्षी एस६ आला तो बंद पाठीचा. आपणही तो चकचकीत काचेचा फोन पाहून खूश झालो, हेही कबूल केलं पाहिजे. चोरी एकट्या दुकानदाराची नाही, गिऱ्हाइकानेही दार उघडं ठेवलं.

कायद्याचा धाक

आता वारं थोडं फिरतंय. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापणं सक्तीचं केलं. दहापैकी किती, ते दुकानातच दिसू लागलं. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना एकाच प्रकारची, यूएसबी-सी पिन बंधनकारक केली. आणि २० जून २०२५ पासून तिथे विकायला आणलेल्या फोनच्या बॅटरीने किमान आठशे सायकलींनंतर ऐंशी टक्के क्षमता राखली पाहिजे आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, असा नियम लागू झाला.

सात वर्षं! आत्याच्या फोनला चारच झाली होती.

आपल्याकडेही काही पावलं पडली आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं. मोबाइल आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी फ्रान्ससारखेच दुरुस्ती-गुण कसे द्यावेत, यावर नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम ऑगस्ट २०२२ चे आहेत. माझं मत स्पष्ट आहे. शिफारशी आणि संकेतस्थळं चांगली, पण सुटे भाग किती वर्षं मिळतील ते खोक्यावर ठळक छापलं पाहिजे. औषधाच्या पट्टीवर तारीख असते, ब्रेडच्या पुड्यावर असते, मग पंधरा हजारांच्या फोनवर का नको?

आणि पंधरा हजारांचा हिशेब करूनच पाहा. फोन तीन वर्षांत टाकला तर वर्षाला पाच हजार पडले. त्याच फोनला बाराशेची बॅटरी घालून आणखी दोन वर्षं वापरला, तर पाच वर्षांत सोळा हजार दोनशे, म्हणजे वर्षाला सव्वातीन हजारांच्या आत. वर कचरा कमी, हा वेगळाच फायदा. फोनमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा बहुतांश वाटा तो बनवतानाच खर्च झालेला असतो, चार्ज करताना नाही. वर्षभर रोज फोन चार्ज केला तरी वीज लागते जेमतेम आठ-नऊ युनिट.

चार गैरसमज

आता थोडं घरगुती. लोक मला ज्या शंका विचारतात त्यांची उत्तरं.

एक. "नवीन फोन आधी आठ तास चार्ज करायचा ना?" नाही. हा सल्ला जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला. तसंच "पूर्ण उतरल्याशिवाय लावू नये" हेही. लिथियमला उलट ते मानवत नाही. वीस-पंचवीस टक्क्यांना लावावा, ऐंशी-नव्वदला काढावा. रोज काटेकोर पाळता आलं नाही तरी बिघडत नाही. बऱ्याच फोनमध्ये ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती चालू करून ठेवा.

दोन. "रात्रभर लावला तर स्फोट होतो का?" चांगल्या फोनमध्ये भरल्यावर चार्जिंग थांबवणारं सर्किट असतं, त्यामुळे त्या कारणाने स्फोट होत नाही. पण उशीखाली, गादीवर, पांघरुणात कधीही ठेवू नका. उष्णतेला बाहेर पडू द्या. साधी फरशी किंवा लाकडी टेबल उत्तम. आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून जेवायला जाऊ नका.

तीन. "फास्ट चार्जिंगने बॅटरी खराब होते का?" पाचगणीचा दाखला पुन्हा घ्या. हॉटेल रिकामं असताना गर्दी पटापट आत जाते. खोल्या भरत आल्या की एकेकाला शोधून बसवावं लागतं. म्हणून चार्जर पहिले सत्तर-ऐंशी टक्के झपाट्याने भरतो, मग मुद्दाम हळू होतो. कंपनीचा चार्जर आणि फोन हे आपसात ठरवतात, त्यात मोठा धोका नाही. पण वेगाबरोबर उष्णता येते, आणि उष्णता म्हणजे साय. घाई नसेल तेव्हा साधा चार्जर वापरावा. रेल्वे स्टेशनबाहेर मिळणारा ऐंशी रुपयांचा 'फास्ट' चार्जर मात्र फुकट दिला तरी घेऊ नका.

चार. "पॉवर बँक दहा हजारची घेतली, पाच हजारचा फोन दोनदा का भरत नाही?" कारण दहा हजार मिलिअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. बाहेर ती ५ व्होल्ट देते, तेव्हा तोच साठा ७,४०० होतो, आणि रूपांतरात आणखी गळती होते. सहा-साडेसहा हजार मिळाले तर समाधान मानावं. खोट्या आकड्यांची पॉवर बँक मात्र ओळखायला शिका. आणि विमानात ती हातातल्या सामानात ठेवायची, खाली जाणाऱ्या बॅगेत नाही.

फुगलेली बॅटरी

बॅटरी फुगली तर काय करायचं? चार्जिंग लगेच थांबवा. फोन बंद करा. झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचून 'हवा काढू' नका. हे शेवटचं मी गंमत म्हणून सांगत नाही, सुई घेऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत. पडदा फाटला की काय होतं ते मघाशी सांगितलं. फोन कपडे, कागद, गॅस यांच्यापासून दूर ठेवा. धूर येऊ लागला तर माणसं बाजूला करा, धुरात श्वास घेऊ नका, विजेची जोडणी तोडलेली असेल तर भरपूर पाणी ओतून थंड करा. आणि ती बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती तिथे पेटते, आणि हात भाजतात ते सफाई कामगाराचे. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा दुरुस्तीवाल्याकडे द्या.

आत्याचा फोन मी झाकण सैल ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात घालून पुण्याला आणला. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका गल्लीत, जेमतेम एक माणूस बसेल एवढ्या दुकानात एक तरुण दुरुस्ती करतो. त्याने फोन पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, डेटा घेतलाय का?" मला तो तिथेच आवडला. मग फोनची पाठ थोडी गरम करून डिंक सैल केला, प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने झाकण सोडवलं, आणि ती फुगलेली पिशवी हळूहळू, अजिबात न वाकवता बाहेर काढली. कुठलंही लोखंडी हत्यार त्याने बॅटरीजवळ नेलं नाही. हे पाहून घ्या मंडळी. जो दुरुस्तीवाला बॅटरीखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतो, त्याच्या दुकानातून उठून या.

नवी बॅटरी घेताना मी तिच्यावरचा शिक्का वाचला. आपल्याकडे या बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आयएस १६०४६' हा मानक क्रमांक आणि त्याखाली नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर घेऊ नका. 'ओरिजिनल' हा शब्द छापायला शाईशिवाय काही लागत नाही. बॅटरी नवी असली तरी किती वर्षं गोदामात पडून होती तेही विचारा, कारण ती न वापरताही म्हातारी होते.

अर्ध्या तासात काम झालं. अकराशे रुपये. त्याने प्रामाणिकपणे बजावलं, "पाण्यापासून जपा, पहिल्यासारखं सील आता राहणार नाही." साताऱ्याला जी बॅटरी 'येत नाही' ती पुण्याच्या गल्लीत आली कशी, हे मी त्याला विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे. ती दुसऱ्या कोणीतरी बनवलेली होती. ज्याने फोन बनवला त्याने हात वर केले, म्हणून हे दुकान चालतं. चांगलंच आहे. पण प्रत्येक गल्लीत असा हुशार आणि सरळ मुलगा भेटेलच याची खात्री काय? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची सुरक्षितता तिच्या भाच्याच्या ओळखीवर अवलंबून असू नये, इतकंच माझं म्हणणं आहे.

फोन घेऊन परत गेलो. आत्याने आधी फोटो उघडून आतोबा आहेत ना ते पाहिलं. मग शारजाला फोन लावला. फोन आता रात्री कोनाड्यात, फरशीवर असतो, आवाज मोठा केलेला. उशीखाली ठेवणार नाही असं तिने मला वचन दिलं आहे, आणि शेजारच्या मुलाला मी पाळतीवर ठेवलं आहे.

निघताना तिच्या खिडकीत लहानसा रेडिओ वाजत होता. सात-आठ वर्षं जुना, दोन-अडीचशे रुपयांचा. मी सहज त्याचं मागचं झाकण नखाने उघडलं. आत बॅटरी होती, 'बीएल-५सी'च्या मापाची. तीच ती, २००७ ची! नोकियाचे ते फोन केव्हाच गेले, पण बॅटरीचं ते माप सर्वांनी उचललं आणि आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. आत्या म्हणाली, "ती ना? मीच बदलते दोन वर्षांनी. त्यात काय अवघड आहे?"

तुमच्यापैकी काहीजण हे भाषण तशाच रेडिओवर ऐकत असतील. संपलं की झाकण उघडून पाहा. आणि पुढचा मोबाइल घेताना दुकानदाराला, कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारण्याआधी, एवढं विचारा, "याची बॅटरी किती वर्षं मिळेल?" तो गडबडेल. गडबडू द्या. शंभर गिऱ्हाइकांनी विचारलं की तो कंपनीला विचारेल.